हिरवा पट्टा

माझा दादा चष्मेवाला. दुकान त्याचं आणि वहिनीचं मिळून, म्हणजे पाटीवर त्याचं आणि काचा पुसण्यापासून हिशेबापर्यंत सगळं वहिनीचं. गिऱ्हाईक दारात आलं की दादाच्या तोंडातून मध गळायला लागायचा. बसकं नाक, वाकडे कान, एक भुवई वर तर दुसरी खाली, कसाही चेहरा असो, तो इतक्या मायेने फ्रेम बसवायचा की माणूस आरशात बघून स्वतःच्याच प्रेमात पडायचा. आजूबाजूला झगमगीत दुकानं उघडली तरी त्याचं गिऱ्हाईक जागचं हललं नाही. त्याच दादाने मागच्या वर्षी एका बाईंना तोंडावर सांगितलं, की तुमच्या चेहऱ्याला चष्मा पुरणार नाही, सरळ पडदा लावा. वर आपल्याच विनोदावर पोट धरून हसला.

एकदा झालं असतं तर कुणीही कानाडोळा केला असता. पण मग ते रोजचंच झालं. गिऱ्हाइकासाठी आणलेली कॉफी तो त्याच्यासमोरच पिऊन टाकायचा. शेजारच्या दुकानातून न विचारता बिस्किटांचा पुडा उचलून तिथेच उभ्या उभ्या संपवायचा. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं धंदा चालला की माज येतोच. मी म्हणत होते की याला काहीतरी झालंय. माझं ऐकतंय कोण.

मग वहिनीची मोठी बहीण गेली. अंत्यसंस्काराला सगळे मान खाली घालून उभे असताना दादा मोठ्याने हसला आणि जेवण कधी आहे म्हणून विचारलं. वहिनीच्या भाचीने, म्हणजे गेलेल्या बाईच्या मुलीने, त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. त्याच संध्याकाळी वहिनी माझ्या घरी आली. खुर्चीच्या कडेवर टेकली. तिला मी आजवर कधी खुर्चीत मागे रेलून बसलेलं पाहिलेलं नाही.

"वन्सं, मला एकच सांगा," ती म्हणाली. "हा आजार आहे की हा माणूसच असा आहे? आजार असेल तर मी त्यांचं सगळं करीन, अगदी शेवटपर्यंत करीन. नसेल तर मी भाचीकडे निघून जाते. आजारी माणसाचं करायला माझी ना नाही. निलाजऱ्याची उस्तवार आता माझ्याच्याने होणार नाही."

मी म्हटलं, वहिनी, आजारच आहे, मी तुम्हाला दाखवून देते. छातीठोकपणे म्हटलं. का नाही म्हणणार? माणसाच्या मेंदूचं मोजमाप हेच तर माझं पोट भरायचं साधन.

आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर खिडकी नसलेली एक खोली आहे. एके काळी आम्ही सात-आठ जण तिथे बसून पडद्यावर मेंदूच्या रेघा मारायचो. एमआरआय मेंदूचे पातळ काप दाखवतो. त्या प्रत्येक कापावर प्रत्येक भागाची कडा हाताने गिरवायची, मग सगळे काप एकावर एक ठेवले की त्या भागाचा आकार किती ते निघतं. एका माणसाच्या एका भागाला दिवसच्या दिवस लागायचे. हॉस्पिटलात आम्हाला रेघवाले म्हणायचे. पुढे सॉफ्टवेअर आलं. ते आमच्याच रेघा बघून बघून शिकलं, आणि शिकून झाल्यावर ज्यांच्या रेघा होत्या त्यांना घरी बसवलं. मी तेवढी उरले, कारण त्या शहाण्याने कुठे मेंदूवरचं आवरणच मेंदू म्हणून मोजलंय का, ते बघायला कुणीतरी लागतं. आता मी रेघ मारत नाही. मान्य किंवा अमान्य, एवढं एक बटण दाबते.

त्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट दिसायला मोठा देखणा असतो. मेंदूच्या प्रत्येक भागासाठी एक आलेख. आलेखात मधोमध एक रुंद हिरवा पट्टा, म्हणजे त्या वयाच्या निरोगी माणसांचा त्या भागाचा आकार साधारण जिथे असतो तो टापू. पेशंट म्हणजे एक काळा ठिपका. ठिपका पट्ट्यात पडला तर ठीक, खाली पडला तर तो भाग झिजलाय. डॉक्टर मंडळींना हे फार आवडतं. हिरवं म्हणजे हिरवं, डोकं चालवायला नको.

दादाला मी गोड बोलून स्कॅनला नेलं. यंत्रात जाण्याआधी त्याने तंत्रज्ञाला त्याच्या टकलावरून काहीतरी ऐकवलं. तो बिचारा कसंनुसं हसला. मी मनात म्हटलं, बोल बाबा, बोल, दोन दिवसांनी सगळ्यांना कळेल की हे तू बोलत नव्हतास.

नियमाप्रमाणे नात्यातल्या माणसाचं स्कॅन मी तपासायचं नाही. पण तपासणारी मी एकटीच, मग नियम कुणाला सांगणार? रिपोर्ट उघडला. मला कपाळामागचा भाग बघायचा होता. माणसाने कुठे काय बोलावं, कुठे जीभ आवरावी, समोरच्याला काय वाटेल, हे सगळं सांभाळणारा तो भाग. दादाच्या आजाराचा माझा जो अंदाज होता त्यात तो पहिल्यांदा झिजतो. ठिपका हिरव्यात होता. खालच्या काठाकडे सरकलेला, पण हिरव्यात. डावीकडेही हिरवा, उजवीकडेही हिरवा.

माझा विश्वास बसेना. वाटलं, या गधड्याने नेहमीसारखं आवरण मोजलं असणार. मी एकेक काप उघडून डोळ्यांत तेल घालून बघत बसले. चूक सापडावी म्हणून मी त्या दिवशी जितकी आसुसले होते तितकी आयुष्यात कशासाठी आसुसले नव्हते. एक चूक निघाली नाही. रेघ अगदी माझ्यासारखी होती. माझ्याकडूनच तर शिकली होती.

डॉक्टर नवीन होते, तरुण, वागायला सभ्य. त्यांनी रिपोर्ट वहिनीपुढे सरकवला आणि सगळं हिरव्यात असल्याचं दाखवलं. स्वभाव असू शकतो म्हणाले, ताण असू शकतो, वर्षाने पुन्हा स्कॅन करू, तेव्हा आजच्याशी ताडून बघता येईल. दादा शेजारी बसून त्यांच्या टेबलावरच्या पेनांची टोपणं काढून परत लावत होता. मी डॉक्टरांना सांगायचा प्रयत्न केला की हा माणूस असा नव्हता. ते म्हणाले, घरच्यांना असं वाटतं बऱ्याचदा. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या, पण रिपोर्टवर तपासल्याची सही माझीच होती.

 बाहेर आल्यावर वहिनीने दादाच्या कोटाचं बटण लावलं आणि मला म्हणाली, की या महिन्याअखेरीला जाईन. दुकानाची सगळी माहिती तुम्हाला समजावून देते.

माझी झोप उडाली. जिने उभा जन्म या घरासाठी झिजवला ती आता, माणूस आजारी असताना, त्याला टाकून जाणार, आणि तेसुद्धा आमच्या यंत्राच्या चुकीने. चूक तरी कसली म्हणायची? मोजमाप बरोबर होतं. प्रश्न होता तो कुणाशी ताडलं याचा. वर्गात नेहमी पहिला येणारा पोरगा घसरत घसरत काठावर आला तरी तो पासच, आणि निकाल बघणाऱ्याला कळतही नाही की याचं काय गेलंय. दादाला दुसऱ्यांशी ताडून काही उपयोग नव्हता. दादाला दादाशीच ताडायला हवं होतं.

आणि तेव्हा मला आठवलं की दादा आमच्याकडे आहे.

हिरवा पट्टा आकाशातून पडलेला नाही. बारा वर्षांपूर्वी तो बनवायला निरोगी माणसं हवी होती. फुकटात कोण येणार, म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरची माणसं गोळा केली. कुणाचा मेहुणा, कुणाची सासू, कुणाचा घरमालक. मी दादाला आणलं. तो नर्सशी थट्टामस्करी करत आला, हॉस्पिटलने दिलेला मग घेऊन गेला. त्या शेकडो माणसांच्या मेंदूंवर आम्ही रेघा मारल्या, त्यांची सरासरी काढली, आणि तो झाला निरोगी माणसाचा नमुना. म्हणजे आज दादाला ज्यांच्याशी ताडलं, त्या गर्दीत दादाही उभा होता.

फक्त त्याला ओळखायचं कसं? नावं काढून टाकली होती. कोणतं स्कॅन कुणाचं ही यादी, कबूल केल्याप्रमाणे, नष्ट केली होती. चेहऱ्यावरून कुणी ओळखू नये म्हणून प्रत्येक स्कॅनवरचा चेहराही सॉफ्टवेअरने खरवडून टाकला होता. जन्मभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवणारा माझा भाऊ तिथे बिननाकाचा पडला होता.

पण मी रेघवाली आहे. उजव्या कपाळामागे दादाच्या मेंदूला एक घडी आहे. ती पुढे जाऊन दुभंगते आणि दोन्ही टोकं वळून पुन्हा एकमेकांना मिळतात. नवशिक्या शिंप्याने कापड उसवून परत शिवावं तशी. त्या घडीपाशी मी तेव्हा अडकले होते, आमच्या प्रमुखबाईंना बोलावून रेघ कुठून न्यायची ते विचारलं होतं. तशी घडी मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. जेवणाच्या सुट्टीत मी एकेक निरोगी माणूस उघडत गेले आणि त्या आठवड्याअखेरीस दादा सापडला. नव्या स्कॅनशेजारी ठेवला. तीच घडी. फक्त जुन्यात ती घट्ट मिटलेली होती आणि नव्यात तिच्या कडा फाकून मधे काळं पाणी भरलं होतं.

मोजलं. कपाळामागचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला होता. नुसत्या वयाने इतकं जात नाही. मी रडले, आणि खरं सांगायचं तर आनंदाने रडले.

प्रमुखबाईंनी दोन्ही स्कॅन पाहिली. त्याही जुन्या रेघवाल्या, त्यांनाही घडी आठवत होती. पण त्यांनी हात टेकले. कागदोपत्री तो मेंदू कुणाचाच नाही, म्हणाल्या, आणि ओळख पटवायची नाही या शब्दावरच लोक आपल्याकडे आले होते. डॉक्टर हे लिहून देणार नाहीत, आणि तू हे बाहेर बोललीस तर तुझी नोकरी जाईल. मी म्हटलं, मला कुणाचं लिहून नकोय. एका बाईला दाखवायचंय फक्त.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळेला मी गेले. दादा पुढे रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करत बसला होता. वहिनीची बॅग काउंटरखाली भरलेली दिसत होती. मी तिला मागच्या तपासणीच्या खोलीत नेलं. तिथे ती उंच खुर्ची, समोर भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. वहिनीला म्हटलं बसा, तर ती बसेना. उभ्यानेच बघते म्हणाली. मी मोबाइलवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि समजावून सांगितलं. हा बारा वर्षांपूर्वीचा दादा, हा आत्ताचा. हे बघा, इथे भरलेलं होतं, इथे रिकामं झालंय. हा निलाजरेपणा नाही वहिनी, हा आजार आहे. मी म्हटलं नव्हतं?

तिने मोबाइल हातात घेतला. डावीकडचं चित्र बोटांनी मोठं केलं. बराच वेळ बघत राहिली.

"म्हणजे तेव्हा काही झालेलं नव्हतं?"

"काही म्हणजे काही नाही," मी म्हटलं. "ठणठणीत होता. निरोगी माणूस कसा असतो ते ठरवायला घेतला होता त्याला. सगळं नंतर सुरू झालं."

"नक्की?"

"मी स्वतः मोजलंय."

तिने मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग ती त्या खुर्चीकडे बघत बोलायला लागली. आवाज गिऱ्हाइकाला किंमत सांगतानाचा असतो तसा होता.

"त्या दिवशी मी पण आले होते वन्सं. बाहेर बाकावर बसले होते. नर्सने तिथेच त्यांना विचारलं, घरी काही त्रास, चिडचिड, भांडणं? ते म्हणाले, बायकोला विचारा. सगळे हसले. विचारलं कुणीच नाही. त्या नर्सबरोबर मीही हसले होते. घरी आल्यावर त्यांनी शटर ओढलं, मला या खुर्चीत बसवलं, दिवा घालवला आणि तक्त्याचा दिवा लावला. का हसलीस, विचारलं. मी काही उत्तर दिलं की म्हणायचे, चुकलं, पुन्हा. आवाज चढवला नाही. आवाज त्यांनी कधीच चढवला नाही. त्यांना हवं ते उत्तर येईपर्यंत मी इथून उठायचं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. गिऱ्हाइकाशी जास्त बोलले, कमी बोलले, हिशेब चुकला, काही असो. शटर खाली आलं की खुर्ची."

मी मोबाइलचा पडदा बंद केला. 

"मी वर्षभर एकच धरून होते," वहिनी म्हणाली. "ते गिऱ्हाइकांना बोलायला लागले तेव्हा लोकांना धक्का बसला, मला वाटलं सुटले. वाटलं, डोक्यातच काहीतरी आहे, पहिल्यापासून असणार, आता फक्त बाहेर आलंय. म्हणजे ते सगळं त्यांनी केलेलं नव्हतं. आजाराने केलं. असं असतं तर मी उरलेलं आयुष्य त्यांचं केलं असतं, आनंदाने. डॉक्टरांनी हिरवं दाखवलं तरी मी म्हटलं डॉक्टर चुकले असतील. बॅग भरली, पण गेले नाही. तुम्ही काहीतरी शोधून काढाल म्हणून थांबले."

बाहेर दादा कुणालातरी हाक मारून हसत होता.

"आणि तुम्ही शोधलंत," ती म्हणाली. "ते तेव्हा पूर्ण शुद्धीवर होते."

मी गयावया केली. आजचा दादा तो नाही, आजचा आजारी आहे, तुम्ही स्वतः म्हणाला होतात की आजार असेल तर. तिला तिच्या शब्दाची आठवण करून देताना मला माझीच लाज वाटत होती, तरी मी करून दिली. वहिनीने पुढे जाऊन काउंटरखालची बॅग काढली.

"आजारी माणसाला मी काही बोलणार नाही. त्याचा काही दोष नाही," ती म्हणाली. "पण माझं लग्न झालं होतं ते तुमच्या त्या डावीकडच्या चित्राशी."

जाताना तिने दादाच्या गळ्यातला मफलर नीट केला. तो म्हणाला, तुझे हात किती खरखरीत गं, गाढवासारखे. ती हसली आणि रस्ता ओलांडून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

आता दादा माझ्याकडे असतो. दिवसा सांभाळायला एक बाई येते, तिच्याही तोंडचं पाणी पळवतो. दुकानाला कुलूप आहे. मी प्रमुखबाईंना विचारलं की तो एक मेंदू निरोगी नमुन्यातून काढता येईल का. त्या म्हणाल्या, कारण काय लिहू? मेंदू निरोगीच होता, सगळ्या कसोट्यांत बसत होता. शिवाय शेकडोंमधला एक काढून पट्टा काय हलणार? ते खरं आहे. मी गुपचूप तो वगळून आलेख पुन्हा काढून बघितला, पट्टा केसभरही हलला नाही. मग उरलेल्यांकडे बघत बसले. सगळे बिनचेहऱ्याचे, सगळे ठणठणीत, आणि प्रत्येकाच्या घरचं कोण बाहेर बाकावर बसलं होतं ते कुठे नोंदलेलं नाही. रोज नवे ठिपके येतात, मी त्यांना या मंडळींशी ताडते आणि मान्य दाबते.

संध्याकाळी घरी गेले की दादा दारातच उभा असतो. परवा म्हणाला, "ठमे, तुझं तोंड बघितलं की जेवण जात नाही." मी त्याला ताट वाढलं. मला राग येत नाही. मला माहीत आहे की हा तो बोलत नाही, त्याचा आजार बोलतो. वहिनीला इतकी वर्षं स्वतःला एवढंसुद्धा सांगायची सोय नव्हती.